ऊर्जा संग्रहालये व लोकसंवाद

ऊर्जानिर्मितीची व ऊर्जावापराची साधने, यंत्रे, नकाशे व कागदपत्रे, तसेच त्यांच्याशी निगडित असलेल्या श्रमजीवनाचे व गृहजीवनाचे अवशेष यांचे जतन, अभ्यास व प्रदर्शन करणाऱ्या संस्थांना स्थूलमानाने ऊर्जा संग्रहालये म्हणता येते. त्यांचे चार प्रकार आढळतात : (१) विज्ञान व तंत्रविद्या यांच्या मोठ्या संग्रहालयांतील ऊर्जाविषयक दालने; (२) बंद पडलेल्या खाणी, कोकभट्ट्या व विद्युत् केंद्रे मूळ जागीच राखून उभारलेली संग्रहालये; (३) ऊर्जा कंपन्यांनी आपल्या प्रकल्पांलगत चालविलेली माहिती केंद्रे; (४) ऊर्जा प्रकल्पांतील अपघातांची स्मृती जतन करणारी संग्रहालये. ज्ञानप्रसार हे या सर्वांचे मूळ उद्दिष्ट होय. तथापि विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकापासून, विशेषतः १९७३ चे खनिज तेल संकट, अणुकेंद्रांतील अपघात आणि पुढे वातावरणातील बदलांची जाणीव यांमुळे, या संस्थांकडून आणखी एका कार्याची अपेक्षा केली जाऊ लागली. ऊर्जेच्या गतकालीन व भावी मार्गांविषयी सामान्य नागरिकांत साधार चर्चा घडवून आणणे, हे ते कार्य होय.

संग्रहालयाचे वैशिष्ट्य : ऊर्जा ही वस्तू नव्हे, ती कार्य करण्याची क्षमता होय. त्यामुळे ती काचेच्या कपाटात मांडता येत नाही. संग्रहालयात मांडले जाते ते ऊर्जेचे साधन किंवा तिचा परिणाम. अनेक विज्ञान केंद्रांत जनित्राला जोडलेली सायकल ठेवलेली असते. पायंडल मारून दिवा पेटविताना प्रेक्षकाला ऊर्जेचे माप शरीराने कळते. निरोगी प्रौढ मनुष्य दीर्घकाळ टिकेल अशा गतीने सुमारे १०० वॉट शक्ती देऊ शकतो, असे धरल्यास विजेचे एक युनिट (किलोवॉट-तास) निर्माण करण्यास त्याला १० तास पायंडल मारावे लागेल. हेच युनिट घरी काही रुपयांत मिळते. दोहोंतील अंतर ध्यानी आले, की कोळसा, तेल व धरणाचे पाणी यांनी मानवी जीवनात केवढे परिवर्तन घडविले, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि एवढ्याने लोकसंवाद साधत नाही. कोणती ऊर्जा वापरावी, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नसतो. वीज कोणाला मिळणार, तिची किंमत कोण देणार, धूर व राख कोणाच्या वाट्याला येणार आणि जमीन कोणाची जाणार, हे प्रश्नही त्यात गुंतलेले असतात. भविष्याविषयी या प्रश्नांची उत्तरे अनुमानाने द्यावी लागतात. भूतकाळाविषयी मात्र ती पुराव्यानिशी देता येतात. पूर्वी कोणी कोणते आश्वासन दिले, त्यातील किती खरे ठरले, लाभ कोणाला झाला व भार कोणी वाहिला, हे ज्या ठिकाणी एकत्र पाहता येते असे स्थान म्हणजे संग्रहालय. आजची ऊर्जाव्यवस्था अटळ नव्हती, ती निर्णयांतून घडली, हे प्रेक्षकाला उमगले म्हणजे उद्याची व्यवस्थाही निर्णयांतूनच घडणार आहे व त्या निर्णयांत आपलाही वाटा असू शकतो, ही जाणीव त्याला होते. ऊर्जा संग्रहालयाचे सामाजिक महत्त्व मुख्यतः यात आहे.

ऐतिहासिक आढावा : ऊर्जाविषयक प्रदर्शनांचा उगम प्रचारात आहे. पॅरिस येथे १८८१ मध्ये विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यापुढील वर्षी म्यूनिक येथील प्रदर्शनात मीसबाख या गावाहून ५७ किमी. अंतरावर, तारायंत्राच्या तारेतून वीज आणून प्रदर्शनातील पंप चालविण्यात आला. या प्रदर्शनाचा एक संयोजक ओस्कार फोन मिलर (१८५५–१९३४) हा स्थापत्य व विद्युत् अभियंता होता. त्यानेच १९०३ मध्ये म्यूनिकच्या ‘डॉइचेस म्यूझियम’ या संग्रहालयाची स्थापना केली. ईझार नदीतील बेटावरील त्याची इमारत १९२५ मध्ये खुली झाली. कळ दाबून वा दांडा फिरवून यंत्र स्वतः चालवून पाहण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य जगभर अनुकरणीय ठरले. बव्हेरियातील वाल्खेन्झे हा मोठा जलविद्युत् प्रकल्पही मिलरच्याच पुढाकाराने उभा राहून १९२४ मध्ये सुरू झाला. संग्रहालयाचा संस्थापक आणि वीजप्रकल्पाचा पुरस्कर्ता एकच असावा, ही गोष्ट त्या काळी कोणास विसंगत वाटली नाही. कारण विजेचा प्रसार व ज्ञानाचा प्रसार ही एकाच प्रगतीची दोन अंगे मानली जात होती.

म्यूनिकच्या धर्तीवर शिकागो येथे स्थापन झालेल्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात १९३३ पासून कोळशाच्या खाणीची प्रतिकृती दाखविली जाऊ लागली. अमेरिकेतील ओक रिज या अणुबाँबच्या निर्मितीसाठी वसविलेल्या नगरात १९४९ मध्ये अणुऊर्जेचे संग्रहालय उघडले. १९७८ मध्ये त्याच्या नावातील ‘अणुऊर्जा’ या शब्दाच्या जागी ‘विज्ञान व ऊर्जा’ असे शब्द आले. एका संस्थेच्या नावातील या बदलात त्या तीन दशकांतील लोकमताचा प्रवास दिसून येतो.

खाणी व विद्युत् केंद्रे : यूरोपात कोळशाचे युग ओसरू लागले, तेव्हा बंद खाणींचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. वेल्समधील ब्लेनॅव्हन येथील ‘बिग पिट’ ही खाण १९८० मध्ये बंद झाली व १९८३ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. तेथे प्रेक्षकाला डोक्यावर दिव्याचे शिरस्त्राण घालून पाळण्यातून सुमारे ९० मी. खोल नेले जाते. स्फोटक वायूच्या भीतीमुळे घड्याळे व विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या वस्तू वरच ठेवाव्या लागतात. मार्गदर्शक म्हणून पूर्वीच्या खाणकामगारांची योजना केलेली असल्याने यंत्राच्या माहितीबरोबर श्रम, आजार, अपघात, संप व सोबत्यांचा जिव्हाळा यांचे कथन ऐकावयास मिळते. प्रेक्षक प्रश्न विचारतो व ज्याने ते जीवन भोगले तो उत्तर देतो. लोकसंवादाचा हा सर्वांत साधा व बहुधा सर्वांत परिणामकारक प्रकार होय. त्याला एक नैसर्गिक मर्यादा आहे : असे साक्षीदार कालांतराने उरत नाहीत. म्हणून त्यांच्या मुलाखती वेळीच ध्वनिमुद्रित करून ठेवणे, हे अशा संग्रहालयांचे तातडीचे काम ठरते.

जर्मनीच्या रूर खोऱ्यातील एसेन येथील त्सोलफेराइन ही खाण १९८६ मध्ये बंद पडली. फ्रिट्स शूप व मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी रचलेल्या तिच्या बाराव्या कूपकाच्या इमारती (१९३२) पाडून न टाकता राखण्यात आल्या. यूनेस्कोने २००१ मध्ये त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत २०१० पासून ‘रूर म्यूझियम’ हे प्रादेशिक संग्रहालय आहे. जर्मनीतील दगडी कोळशाची अखेरची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी याच परिसरातील कोकभट्टीत बोखुम येथील खनिकर्म संग्रहालयाच्या सहकार्याने कोळशाच्या युगाचे यूरोपीय दृष्टीने दर्शन घडविणारे प्रदर्शन भरविण्यात आले. ग्रेट ब्रिटनमध्येही ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथील अखेरचे कोळशावर चालणारे विद्युत् केंद्र बंद झाले. लंडनच्या होबर्न व्हायाडक्ट येथील १८८२ च्या केंद्रापासून सुरू झालेला १४२ वर्षांचा कालखंड अशा रीतीने संपला. एखादे युग संपत असतानाच त्याचा हिशेब मांडण्याची संधी संग्रहालयांना मिळणे, ही दुर्मीळ घटना होय.

मूळ जागी उभारलेल्या संग्रहालयांपुढे सौंदर्याचा धोकाही असतो. रोममधील माँतेमार्तीनी हे १९१२ चे विद्युत् केंद्र १९९७ पासून प्राचीन शिल्पांच्या प्रदर्शनासाठी वापरले जाते. काळ्या एंजिनांच्या पार्श्वभूमीवर शुभ्र संगमरवरी मूर्ती अत्यंत शोभून दिसतात. परंतु त्या मांडणीत यंत्र हे नेपथ्य बनते. यंत्र स्वच्छ, शांत व थंड झाले, की त्याची उष्णता, आवाज, धूर व भोवतालच्या वस्तीवर पडणारी काजळी विस्मृतीत जाते. या गोष्टी अन्य साधनांनी पुन्हा दाखविल्या नाहीत, तर संग्रहालय गतकाळाविषयी हुरहूर निर्माण करते, विचार नव्हे.

अणुऊर्जा व स्मृती : लोकसंवादाची खरी कसोटी अणुऊर्जेच्या संदर्भात लागते. हीरोशीमा येथील शांतता स्मारक संग्रहालय १९५५ मध्ये उघडले. त्यापुढील वर्षी त्याच इमारतीत अमेरिकेच्या ‘शांततेसाठी अणू’ या मोहिमेचे प्रदर्शन भरले व त्यासाठी अणुबाँबहल्ल्याचे अवशेष तात्पुरते अन्यत्र हलविण्यात आले. विध्वंसाची साक्ष आणि नव्या ऊर्जेचे आश्वासन यांना एका छताखाली समोरासमोर ठेवण्याची संधी तेव्हा होती. प्रत्यक्षात एकाला जागा देण्यासाठी दुसऱ्याला बाहेर जावे लागले.

जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी झालेल्या भूकंप व त्सुनामीमुळे फुकुशिमा दाईइची अणुकेंद्रात गंभीर अपघात झाला. केंद्रालगतच्या फुताबा या गावात अणुऊर्जा उज्ज्वल भविष्य घडवील अशा आशयाचा मोठा फलक रस्त्यावर कमानीसारखा उभा होता. अपघातानंतर गाव निर्मनुष्य झाले. फलक उतरवून ठेवण्यात आला. सप्टेंबर २०२० मध्ये फुताबा येथे या आपत्तीचे स्मारक संग्रहालय उघडले, तेव्हा तेथे फलकाचे केवळ छायाचित्र होते. या वगळणुकीवर टीका झाली व २०२१ मध्ये मूळ फलक प्रदर्शनात मांडण्यात आला. आपले अनुभव सांगणाऱ्या स्थानिक रहिवाशांनी विशिष्ट संस्थांवर टीका करू नये, अशी सूचना त्यांना देण्यात आल्याचे वृत्तही उद्‌घाटनानंतर लवकरच प्रसिद्ध झाले व त्यावर वाद झाला. या दोन्ही प्रसंगांवरून असे दिसते, की संग्रहालयात काय ठेवावे व कोणी काय बोलावे याचा निर्णय हाच कित्येकदा लोकसंवादाचा प्रथम विषय ठरतो. फलक हा साधा रंगविलेला पत्रा. परंतु दिलेले आश्वासन व झालेला परिणाम यांना जोडणारा तो पुरावा होता आणि म्हणूनच त्याच्या असण्यानसण्याला महत्त्व आले.

संवादाच्या पद्धती : प्रदर्शनातून संवादाकडे जाण्यासाठी संग्रहालये पुढील पद्धतींचा अवलंब करताना दिसतात. (१) सापेक्ष मांडणी : यंत्राबरोबर त्याचे इंधन, राख, देयक, जाहिरात, कामगाराचे हजेरीपत्रक व विरोधकांचे निवेदन मांडल्यास एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहता येते. लंडनच्या विज्ञान संग्रहालयातील बोल्टन व वॉट यांचे १७८८ चे परिभ्रमी वाफ एंजिन हे एकटे पाहिल्यास अभियांत्रिकीचा चमत्कार ठरते. खाण, गिरणी व कामगारवस्ती यांच्या संदर्भात पाहिल्यास तेच समाजपरिवर्तनाचे साधन म्हणून समजते. (२) साक्षीदारांचे कथन : याचा उल्लेख वर आला आहे. (३) पर्यायांची मांडणी : एखाद्या शहराची विजेची गरज भागविण्यासाठी कोळसा, जल, वारा, सूर्य व अणू यांतून निवड करण्यास प्रेक्षकाला सांगितले जाते. प्रत्येक निवडीचा खर्च, लागणारी जमीन व कार्बन डाय-ऑक्साइडाचे उत्सर्जन त्याला तत्काळ दिसते. कोणताच पर्याय निर्दोष नाही, हा धडा यातून मिळतो. (४) नागरिकांच्या विचारसभा : डेन्मार्कमध्ये १९८७ पासून तंत्रविद्याविषयक प्रश्नांवर सामान्य नागरिकांच्या सभा भरविण्याची प्रथा पडली. तेथील तंत्रविद्या मंडळाच्या पुढाकाराने ६ जून २०१५ रोजी हवामान व ऊर्जा या विषयावर ७६ देशांत सुमारे १०,००० नागरिकांच्या सभा एकाच दिवशी भरल्या. अमेरिकेतील काही सभा विज्ञान संग्रहालयांच्या सहभागाने झाल्या. सहभागी नागरिकांना विविध मते नोंदविणारी माहितीपुस्तिका आधी दिली जाते. मग ते लहान गटांत, मध्यस्थाच्या साहाय्याने चर्चा करतात व अखेर सर्वत्र सारख्याच असलेल्या प्रश्नांवर मत देतात.

अशा सभांचे उद्दिष्ट एकमत घडविणे हे नसते. आपल्याहून निराळ्या परिस्थितीतील माणसाला तोच प्रश्न निराळा का दिसतो, हे कळणे हेच त्यांचे फलित मानले जाते. या कामी संग्रहालयाला एक स्वाभाविक सोय आहे. तेथे शासकीय कचेरीचा दबाव नसतो, निवडणुकीच्या सभेचा गदारोळ नसतो आणि चर्चेला आधार म्हणून प्रत्यक्ष वस्तू समोर असते. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने (स्थापना १९४६) २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या संग्रहालयाच्या नव्या व्याख्येत लोकसमूहांच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय होय.

आश्रय व विश्वासार्हता : मोठी यंत्रे जतन करणे व दालने उभारणे हे खर्चाचे काम आहे व त्यासाठी ऊर्जा कंपन्यांचे साहाय्य घेण्याची प्रथा जुनी आहे. अलीकडे ती वादग्रस्त ठरली आहे. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात २०२१ मध्ये कार्बन धारणाविषयक प्रदर्शनास शेल या खनिज तेल कंपनीचे साहाय्य होते. त्याविरुद्ध निदर्शने झाली. त्याच संग्रहालयात मार्च २०२४ मध्ये उघडलेल्या ऊर्जाक्रांतिविषयक दालनाला अदानी ग्रीन एनर्जी या भारतीय कंपनीचे नाव देण्यात आले. या करारानंतर संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावरील काही सदस्यांनी राजीनामे दिले. ऊर्जेतील परिवर्तन ज्या उद्योगांनी घडवायचे आहे, त्यांच्याशी संबंध तोडण्यापेक्षा ते राखणे अधिक उपयुक्त, अशी संग्रहालयाची भूमिका होती. उलट, ज्याच्या पैशाने दालन उभे राहते त्याच्याविषयीचे अप्रिय प्रश्न तेथे विचारले जाणार नाहीत, असा विरोधकांचा आक्षेप होता. प्रदर्शनातील प्रत्येक विधान बिनचूक असले, तरी हा संशय निर्माण होऊ शकतो. कारण विश्वासाचा प्रश्न काय सांगितले याबरोबरच काय वगळले याच्याशीही निगडित असतो. आश्रयदात्याचे नाव व कराराच्या अटी उघड करणे, आशयाचा निर्णय स्वतंत्र अभ्यासकांकडे ठेवणे आणि प्रतिकूल पुराव्यास स्थान देणे, हे यावरील किमान उपाय होत. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संग्रहालयांनाही हेच लागू पडते, कारण मोठ्या ऊर्जाप्रकल्पांचे शासन हे बहुधा स्वतःच प्रवर्तक असते.

भारत व महाराष्ट्र : भारतात कोलकाता येथील बिर्ला औद्योगिक व तंत्रविद्या संग्रहालय (१९५९) हे या क्षेत्रातील अग्रेसर होय. तेथील कोळशाच्या खाणीची प्रतिकृती प्रसिद्ध आहे. याच संग्रहालयाने १९६५ मध्ये वीज या विषयावरील फिरते प्रदर्शन शाळांपर्यंत नेण्यास प्रारंभ केला. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली व तिच्या अखत्यारीतील मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये जनतेस खुले झाले. या केंद्रांनी विज्ञानाची तत्त्वे सोपी करून सांगण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे. ऊर्जेचा सामाजिक इतिहास हे मात्र त्यांचे मुख्य क्षेत्र नव्हे.

हा इतिहास महाराष्ट्रात विपुल आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी पश्चिमेकडे उतरवून वीज करण्याची टाटांची केंद्रे खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथे उभी राहिली. मुंबईच्या कापड गिरण्यांना या विजेने धुराच्या इंधनापासून मुक्तता मिळवून दिली. परंतु भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशी येथे बांधलेल्या धरणाने मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. पां. म. ऊर्फ सेनापती बापट (१८८०–१९६७) यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) हा मोठ्या धरणाविरुद्धच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी एक होय. कोयना प्रकल्पातून १९६२ पासून वीज मिळू लागली व राज्याच्या औद्योगिक वाढीला तिने बळ दिले. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जलाशयाशी निगडित भूकंपांच्या अभ्यासात जगभर उल्लेखिला जातो. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तर अनेक दशके रेंगाळला. तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र सुरू झाले. एकेका प्रकल्पाच्या या लाभहानीच्या दोन्ही बाजू एकाच दालनात मांडल्या गेल्या, तर जैतापूरचा प्रस्तावित अणुप्रकल्प असो वा माळरानांवरील पवनचक्क्या व सौर पट्ट्यांची क्षेत्रे असोत, त्यांविषयीच्या चर्चेला पूर्वानुभवाचा आधार मिळेल. टरबाइनाचे चक्र आणि बुडालेल्या गावाचा सात-बारा उतारा ही दोन्ही ऊर्जेच्या इतिहासाची साधनेच आहेत.

ऊर्जेचा इतिहास केवळ मोठ्या प्रकल्पांत साठलेला नाही. चूल, जाते, मोट, तेलाचा घाणा, समई, कंदील व स्टोव्ह या वस्तूंत घरगुती ऊर्जेचे, विशेषतः स्त्रियांच्या श्रमांचे, दीर्घ वृत्त आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांचा संग्रह त्याच्या कलागुणांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच दिव्यांकडे ऊर्जेच्या दृष्टीने पाहिल्यास रात्री किती उजेड परवडत असे, तेल कोठून येई व कोणाच्या घरी अंधार राही, असे प्रश्न विचारता येतात. सरपण गोळा करण्यात जाणारा वेळ व चुलीच्या धुराने होणारे आजार यांचा ज्यांना अनुभव आहे, अशा पिढ्या आज हयात आहेत. त्यांच्या साक्षी नोंदवून ठेवण्यास मोठ्या इमारतीची गरज नाही. तालुक्याचे ग्रंथालय किंवा शाळेतील एक खोलीही त्यासाठी पुरेशी ठरते.

मर्यादा : संग्रहालय धोरण ठरवीत नाही व विजेचा दरही बदलू शकत नाही. तेथे येणारा वर्ग बहुधा सुशिक्षित व शहरी असतो. ज्यांच्या जमिनीवर प्रकल्प येतात, ते त्याच्या दारापर्यंत क्वचितच पोहोचतात. चर्चा घडवून तिची कोठेच दखल घेतली न गेल्यास लोकांचा अशा उपक्रमांवरील विश्वास उडतो. म्हणून चर्चेतील मते नोंदविणे, ती संबंधित यंत्रणांपर्यंत पोहोचविणे व त्यांचे पुढे काय झाले हे सहभागी झालेल्यांना कळविणे आवश्यक ठरते. संग्रहालयाची भावी पिढ्यांप्रतीही एक जबाबदारी आहे. आज सौर विजेविषयी, विद्युत् मोटारींविषयी वा नव्या अणुभट्ट्यांविषयी जी आश्वासने दिली जात आहेत, त्यांचे फलक, जाहिराती, करार व आक्षेप आताच जपून ठेवले, तर पन्नास वर्षांनंतरच्या नागरिकांना त्यांचा पडताळा घेता येईल.